तानीमावशी कोणत्या पानावर आहे

तर तानीमावशी काही सापडेना.

समिधा मॅडमनी पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं, मग मध्येच उघडून हलकेच झटकलंही, जणू मावशी पानांच्या बेचक्यात अडकली असेल तर खाली पडेल. धर्मेशभाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि ते पहिल्या पानापासून शोधायला बसले. बोईसरच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये वाचक मंडळाच्या अकरा जणांपाशी अकरा प्रती होत्या, आणि अकराही प्रतींची पानं एकदम फडफडत होती. समोरच्या खुर्च्यांवर चिंचणीच्या सहा बायका कॉफीचे कागदी कप धरून बसल्या होत्या. त्या सहा जणींत मिळून प्रत एकच, ती मंजुळेच्या पिशवीत. पिशवी तिच्या मांडीवर आणि पिशवीवर तिचे दोन्ही हात.

ही मंडळी पुढच्या होळीपर्यंत शोधत बसली तरी मावशी मिळणार नाही, हे त्या हॉलमध्ये एकट्या मंजुळेला ठाऊक होतं. मावशी पुस्तकात नव्हतीच. ती मंजुळेने पदरची घातली होती.

काल गोष्ट इथवर आली आणि जेवणाची ताटं आली, म्हणून राहिली. पण काल जे नव्हते त्यांना मागचं सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात मजा नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐकावं. गोष्ट काय, लोणचं काय, मुरायला दुसरा दिवस लागतोच.

मंजुळा चिंचणीची. मांगेल आळीत जन्मली आणि चार घरं सोडून त्याच आळीत दिली. तिच्या लग्नाआधीच्या प्रेमाची कथा सांगायची तर ती अशी, की नामदेव तांडेल एकदा बंदरावर तिच्या डोक्यावर टोपली चढवायला पुढे झाला आणि म्हणाला, "जड हाय." ती म्हणाली, "मंग?" झालं. एवढ्या भांडवलावर दोघांनी चौतीस वर्षं संसार केला, तीन मुलं वाढवली, आणि नामदेव गेला तेव्हा मंजुळा महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. हे टोपलीचं ध्यानात ठेवा. पुढे तीनशे बारा पानांचं प्रेम येणार आहे, तेव्हा मापाला उपयोगी पडेल.

मंजुळा सातवी पास. तिच्या वयाच्या मुलींत आळीतली ती एकटीच. वाचायची खोड अशी, की मासळी बांधून आलेला कागद आधी वाचणार, मग मासळी धुणार. त्या काळी आळीतले पाच-सात पुरुष मस्कत-कुवेतकडे कामाला होते. त्यांची पत्रं आली की बायका मंजुळेच्या ओट्यावर येऊन बसत. मंजुळा वाचून दाखवी, आणि वाचता वाचता पत्राचं थोडं भलं करी. नवऱ्याने लिहिलेलं असे, "आईशी तोंड आवरून बोलत जा." मंजुळा वाची, "आईचं मनावर घेत जाऊ नकोस." पत्र तेच, पण बाई घरी जाताना हलकी होऊन जाई. यात पाप काय, असं मंजुळेला वाटे.

पाप कळलं ते कमळीच्या पत्रात. कमळी तिची जिवाची मैत्रीण, नवरा अंकुश मस्कतला. अंकुशने दिवाळीबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. पण कमळी अशी टक लावून समोर बसली होती, की मंजुळेच्या तोंडून निघून गेलं, "दिवाळीला येतो." कमळीने घर लिंपलं, नवं पातळ आणलं आणि ते नेसून तीन दिवस वाणगाव स्टेशनवर जाऊन बसली. चौथ्या दिवशी पत्र घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी वाचलं जसं होतं तसं. कमळीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग दोन वर्षं मंजुळेकडे मान वळवून पाहिलं नाही. अंकुश पुढे आला, सुखरूप आला. आजही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारत असतो. कमळीच्या पोराला गोवर निघाला तेव्हा मंजुळेने न बोलावता पंधरा दिवस तिच्याकडे पाणी भरलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. पण मंजुळेने त्या दिवसापासून दुसऱ्याच्या लिखाणात शब्द घातला नाही. म्हणजे, या वर्षीपर्यंत.

आता हाताची गोष्ट. तीन वर्षांमागे बंदरावर बर्फाची लादी निसटून मंजुळेच्या उजव्या हातावर आली. हात राहिला, पण तीन बोटं वाकेनात. आणि सुकट निवडायला तर बोटंच लागतात. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिच्यात काड्या असतात, शिंपांचे तुकडे असतात, नखाएवढे खेकडे असतात. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत आळीतल्या बायका आपापली साठवलेली सुकट घेऊन कमळीच्या पडवीत बसतात, कारण ती पडवी कोरडी आणि उजेडाची. चौघी चार टोपल्या निवडून मोकळ्या झाल्या तरी मंजुळेची अर्धीच. तिला ते बघवेना, तशी ती यायचीच बंद झाली.

कमळी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "हात नाय चालत तर तोंड चालव. तू वाच, आमी निवडतो. सांजच्याला हर एक जण मूठ-मूठ घालील तुज्या टोपलीत." मंजुळा हो म्हणाली, तशी कमळीने बोट वर केलं. "पन एक सांगते गो. जसं लिवलंय तसं वाचायचं. घरचं घालायचं नाय. एकदा घातलंस, त्याची मी अजून वाणगावला बसलेली हाय."

मंजुळेने शब्द दिला आणि दोन हंगाम पाळला. गावच्या वाचनालयातून तिने शिकारीच्या गोष्टी आणल्या, किल्ल्यांच्या आणल्या, खुनांच्या तपासाच्या आणल्या. खुनाचं पुस्तक चालू असलं की बायकांचे हात असे भराभर चालत, की सुकट संपे आणि खुनी राही. संध्याकाळी पाच मुठी पडत. त्या मुठींत सुकट किती हा मुद्दा नव्हता. पडवीत तिची अशी एक जागा होती, खांबाजवळची, आणि ती कोणाच्या दयेची नव्हती.

या वर्षी मात्र समिधा मॅडम आल्या. समिधा मॅडम राहणाऱ्या बोईसरच्या, नोकरीला पालघरच्या कचेरीत. सुकट घ्यायला म्हणून नाकाला ओढणी लावून पडवीत शिरल्या, वाचन ऐकलं आणि ओढणी नाकावरून गळून पडली.

"अहो, हा तर तुमचा बुक क्लब आहे."

"क्लब नाय मॅडम, पडवी हाय," कमळी म्हणाली.

पण मॅडम हरखल्या होत्या. बोईसरला त्यांचं एक वाचक मंडळ आहे. महिन्याला एक पुस्तक, सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या रविवारी त्यावर चर्चा. अध्यक्ष धर्मेशभाई, वह्या-पेन आणि भेटवस्तूंचं दुकान चालवणारे. या महिन्याची कादंबरी प्रेमाची, आजच्या काळातली, शिवाय समुद्रकिनाऱ्यावर घडणारी, म्हणजे, मॅडम म्हणाल्या, "अगदी तुमचीच." एक प्रत त्यांनी मंजुळेच्या हातात ठेवली आणि सहाही जणींना महिनाअखेरच्या चर्चेचं आमंत्रण देऊन टाकलं.

पुस्तकाचं नाव 'लाटांना पत्ता विचारू नकोस'. आता लाटांना पत्ता आजवर विचारला कोणी? पण नाव सोडा. मागच्या बाजूला लेखिकेचा फोटो, हनुवटीखाली हात, नजर लांब कुठेतरी. मंजुळा तो बघून म्हणाली, "हिची बी बस चुकलेली दिसते."

नायकाचं नाव रेयांश. पहिली अकरा पानं तो गॅलरीत कॉफीचा मग घेऊन समुद्राकडे बघत उभा राहतो. अकरा पानं. चिंचणीत कोणी इतका वेळ समुद्राकडे बघत उभा राहिला तर चार माणसं धावत येऊन विचारतील, होडी कोणाची राहिली?

"त्याची कॉफी थंड झाली नाय का?" सहाव्या पानाला कमळीने विचारलं.

"झाली असंल."

"असंल नको. लिवलंय का?"

"लिवलं नाय."

"मंग वाच पुढं."

नायिका अन्विता. ती लोकांची घरं सजवते आणि स्वतःच्या घरात रडते. तिच्या डोळ्यांत समुद्र आहे असं रेयांशला एकोणिसाव्या पानावर दिसतं, एकतिसाव्यावर पुन्हा दिसतं. यावर भावना, कमळीची सून, म्हणाली, "डोळ्यात समुद्र गेला तर गोड्या पाण्यानं धुवावा. उगाच चोळीत बसू नये." चाळीस ते ऐंशी या पानांत दोघं एकमेकांना काहीतरी सांगायचं ठरवतात आणि सांगत नाहीत. पावसात भिजतात आणि सांगत नाहीत. एकाच छत्रीत येतात आणि तरीही सांगत नाहीत. शेवटी रेयांश अन्विताला एका माणसाच्या गळ्यात पडलेली बघतो. तो माणूस तिचा चुलतभाऊ. हे वाचणाऱ्याला माहीत, अन्विताला माहीत, भावाला तर माहीतच. माहीत नाही ते एकट्या रेयांशला. आणि तो विचारत नाही. तो आठ महिने निघून जातो.

"फोन नाय त्याच्याकडं?" कमळी म्हणाली.

"हाय. पान बेचाळीसवर नवीन घेतला."

"आणि तिच्याकडं?"

"तिच्याकडं दोन हायत."

पडवीतले हात सावकाश पडायला लागले. सावकाश पडणारे हात म्हणजे उद्या न येणारी बाई. भावना जांभई देत म्हणाली, "आत्ये, उद्यापासून माज्या फोनवर मालिका लावू या का? तिथं निदान थोबाडीत तरी मारतात." कमळी म्हणाली, "उद्याचा दिस बघू." मंजुळेने ते ऐकलं. संध्याकाळी मुठी पडल्या, पण कशा, ओल्या हाताला चिकटलेलं झटकावं तशा.

दुसऱ्या दिवशी पान सत्त्याण्णव. अन्विता खिडकीत, तिच्या पापणीवर एक थेंब थरथरतोय, आणि तो खाली पडायला लेखिकेला दीड पान लागतं. मंजुळेने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, भावनेचा हात फोनकडे चालला होता. मंजुळेच्या मनात काही आलं असंही नाही. तिचं तोंडच आपसूक म्हणालं:

"इतक्यात दारावर थाप पडली. तारापूरहून अन्विताची तानीमावशी आली होती."

भावनेचा हात फोनवरून परत सुकटीत आला.

मंजुळेने नजर पुस्तकावरच ठेवली. तानीमावशी आत आली, तिने चपला काढल्या, भाचीची पापणी पदराने खसकन पुसली आणि म्हणाली, "फोन आण इकडं." इतकं वाचून मंजुळेने पान उलटलं, कारण पान उलटायची वेळ झाली होती. पुढच्या पानावर अन्विता चंद्राशी बोलत होती. मंजुळेने तिला फोनवर बोलायला लावलं.

मग काय, मावशी सुटलीच. रोज दुपारी मंजुळा पुस्तक उघडी, नाकाशी धरी, वेळच्या वेळी पानं उलटी, आणि ओळींवरून डोळे फिरवत मावशीला पुढे हाकी. मावशीने रेयांशला बोलावून घेतलं आणि विचारलं, तू करतोस काय? तो म्हणाला, "मी स्वतःला शोधतोय." हे मात्र खरंच पुस्तकात होतं. मावशी म्हणाली, "सापडलास की सांग. तवर एवढे बोंबील साफ कर." आणि पडवीतल्या बायका हसून अशा लोळल्या, की निवडलेल्यात न निवडलेली सुकट मिसळली. अन्विता रुसली तर मावशी तिला म्हणाली, "रुसायचं तर घरात बसून रूस. लांबून रुसण्यात काय जोर हाय?"

हे वाक्य मात्र पडवीबाहेर गेलं. भावनेचा नवरा मनीष तीन आठवड्यांपूर्वी भांडून सफाळ्याला बहिणीकडे जाऊन राहिला होता, बोईसरला कामावर तिथूनच जायचा. मावशीचं ऐकून भावना त्याच संध्याकाळी अंगणात गेली, फोन लावला आणि म्हणाली, "घरी ये, मंग रुसू." तो आला. पिशवी घेऊन आला. कमळीने दुसऱ्या दिवशी मंजुळेच्या टोपलीत एक सोडून दोन मुठी घातल्या आणि म्हणाली, "पुस्तक बरं निघालं गो. सुरवातीला वाटलं नवतं." मंजुळेने मान खाली घातली. त्या दोन मुठी तिने घरी नेऊन वेगळ्या डब्यात ठेवल्या. रांधायला हात होईना.

शेवटही तिने आपलाच केला. पुस्तकात रेयांश विमानतळावर, अन्विता धावत येते, विमान थांबतं. कोणासाठी काय थांबतं ते चिंचणीच्या बायकांना चांगलं ठाऊक. बंदरावर उशिरा आलेल्या बाईसाठी टेम्पो थांबत नाही. मंजुळेच्या शेवटात रेयांश दिवसभर बंदरावर मासळी उतरवतो. संध्याकाळी मावशी अन्विताला म्हणते, "आता याचा हात हुंग. चालत असंल तर लगीन कर." अन्विता हुंगते आणि म्हणते, चालेल.

आणि आला तो रविवार. मंजुळेने सकाळपासून खोकायला सुरुवात केली होती. कमळी दारात आली. "वाचणारी तू. तू नाय आलीस तर आमी काय तिथं मुक्यानं बसायचं?" तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला तिचं मत सांगायला गाडीभाडं देऊन बोलावलं होतं. इको गाडीत ती सगळ्या रस्ताभर बोलत होती, मावशीबद्दल काय काय सांगायचं ते. मंजुळा खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या मोजत होती.

हॉलमध्ये मोठा फलक: 'एक कादंबरी, दोन किनारे'. मंडळातल्या दोन बाया यांच्या शेजारच्या खुर्च्या सोडून हळूच मागे सरकल्या. रात्रंदिवस त्या कारखान्यांच्या वासात झोपणारी माणसं, पण नाकाला झोंबली ती सुकट. असो. चर्चा सुरू झाली. एक जण रेयांशच्या घुसमटीवर बोलले. दुसऱ्या बाई मौनाच्या भाषेवर वीस मिनिटं बोलल्या. धर्मेशभाई उठून म्हणाले, "माझ्या मते समुद्र हे या कादंबरीतलं तिसरं पात्र आहे." कमळी भावनेच्या कानात म्हणाली, "आणि ते पन काय बोलत नाय."

मग समिधा मॅडम कौतुकाने यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला सगळ्यात कोण आवडलं?"

"तानीमावशी," पाच जणी एकदम म्हणाल्या.

म्हणजे आलो पुन्हा तिथेच, जिथे अकरा प्रतींची पानं फडफडत होती.

सापडत नाही म्हटल्यावर कमळी मदतीला धावली. तिने मावशी सांगितली. थाप सांगितली, फोन सांगितला, बोंबील सांगितले. सांगता सांगता उभी राहिली. आणि गंमत अशी, की पानं उलटणारे हात एकेक करून थांबले. मागे सरकलेल्या दोन बाया खुर्च्या ओढून पुढे आल्या. "मग? हात हुंगला तिने?" मौनाच्या भाषेवाल्या बाईंनी विचारलं. कॉफी सगळ्यांच्याच कपात थंड झाली. त्या मंडळात एवढा वेळ कोणी कोणाचं ऐकून घेतल्याची ती पहिलीच वेळ असेल.

धर्मेशभाई मात्र शेवटच्या पानापर्यंत पोचले होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि लहान मुलाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "ताई, असं काही यात नाहीये. होतं असं. आपण काम करता करता ऐकता ना, त्यात थोडा गोंधळ होतो. टीव्हीवरचं, पुस्तकातलं, सगळं डोक्यात एकत्र होतं. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही."

दोघा-तिघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. कमळी उभी होती, ती तशीच उभी राहिली. ठेवणीतलं लुगडं नेसून, हात अर्धवट वर. मंजुळेने वर पाहिलं आणि तिला बोईसरचा हॉल दिसेना. तिला वाणगावचं स्टेशन दिसलं.

मंजुळा उठली. मांडीवरची पिशवी खाली पडली.

"तिचा गोंधळ नाय झाला," ती म्हणाली. "तिनं जे ऐकलं तेच सांगितलं. मी घातलं ते. पान सत्त्याण्णवपासून सगळं मी घरचं घातलं."

समिधा मॅडमनी तोंडाला हात लावला. कमळी सावकाश वळली आणि तिने मंजुळेकडे पाहिलं, चाळीस वर्षांपूर्वी ओट्यावर बसून पाहायची तसं, टक लावून. मग ती धर्मेशभाईंना म्हणाली, "भाई, तुमी वाचा. सत्त्याण्णवपासून. जसं लिवलंय तसं."

धर्मेशभाईंना वाचायला कोणी सांगितलं याचाच आनंद झाला. त्यांनी घसा साफ केला. खिडकी आली, थेंब आला, थेंब थरथरला. भाईंचाही आवाज थरथरला. दारावर थाप पडली नाही. अन्विता चंद्राशी बोलली, चंद्र तिच्याशी बोलला नाही, मग ती उशीशी बोलली. कमळी शेवटपर्यंत ऐकत होती, गुरुजींकडे ऐकलं होतं तशी, मधे एक शब्द न काढता. शेजारी भावनेने जांभई दाबली, ती कानातून बाहेर पडावी एवढी मोठी होती.

"हे असंच हाय पुढं?" चार पानं झाल्यावर कमळीने विचारलं.

"हो. साधारण एकशे साठपर्यंत ती वाट बघते," भाई म्हणाले. "फार उत्कट भाग आहे."

कमळी खाली बसली. बराच वेळ तिने लुगड्याची निरी नीट केली.

"पत्रातला होता तो माजा नवरा होता," ती मंजुळेला म्हणाली, भाईंच्या अंगावरून, जणू हॉलमध्ये दोघीच होत्या. "त्याच्यात घालायला नको होतंस."

"नको होतं," मंजुळा म्हणाली.

"तीन दिस बसले मी."

"ठावं हाय."

"हा रेयांश माजा कोन लागत नाय." कमळीने धर्मेशभाईंच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, नासकी मासळी बघावी तसं. "आणि त्याच्यासाठी वाट बघत बसायला मी काय अन्विता नाय. पन शबूद दिला होतास गो तू."

मंजुळा खाली वाकली आणि वाकणाऱ्या दोन बोटांनी पिशवी उचलायला लागली.

धर्मेशभाई म्हणजे सभा चालवायची सवय असलेला माणूस. वातावरण जड झालेलं त्यांना चालत नाही. ते टेबलाकडे गेले आणि कागदात बांधलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. "मंडळातर्फे आमच्या चिंचणीच्या मैत्रिणींना भेट," ते म्हणाले. "याच कादंबरीचा दुसरा भाग. चारशे चाळीस पानं. यात रेयांश पुन्हा निघून जातो. फक्त एक विनंती, या वेळी लेखिकेने जसं लिहिलंय तसंच वाचलं जावं. शेवटी साहित्याशी प्रामाणिक राहायला हवं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तक कमळीच्या हातात आलं. तिने ते तळहातावर तोललं, घोळ मासा तोलावा तसं, आणि मंजुळेच्या मांडीवर ठेवलं.

"भाई काय म्हणाले ते ऐकलंस," कमळी म्हणाली. "जसं हाय तसं वाचायचं. घरचं एक अक्षर नाय. वाचशील का ते सांग, मंग उद्यापासून मूठ घालायची का नाय ते मी ठरवते."

मंजुळेने पुस्तक उलटं केलं. हनुवटीखाली हात घेतलेली ती बाई अजून लांब कुठेतरी बघत होती. मंजुळेने तिच्याकडे नीट पाहून घेतलं, मग कमळीकडे पाहिलं आणि म्हणाली:

"वाचीन की, पहिल्या पानापासून चारशे चाळीसपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडं न करता वाचीन, पन मंग तुमची मूठ मला नको, एवढं सगळं तुमी ऐकून घेणार म्हणून रोज सांजच्याला मीच माज्या घरच्या डब्यातली मूठ-मूठ तुमच्या टोपलीत घालीन."